नवीनच घ्या ना!

माणसाला शहाणं करणारी वाक्यं जगात पुष्कळ आहेत. माणसाचं डोकं फिरवायला मात्र एकच पुरतं : "दुरुस्त कशाला करता? नवीनच घ्या ना!" मिक्सर घुरघुरला, छत्रीची काडी निसटली, चपलेचा अंगठा तुटला, की कुणीतरी सद्गृहस्थ हे वाक्य आपल्या तोंडावर फेकतो. वर आपल्याकडे असा बघतो, की जणू चपलेचा अंगठा नव्हे, आपली ऐपतच तुटलेली आहे.

या वाक्याशी माझं जुनं वैर. गेल्या उन्हाळ्यात ते युद्धावर आलं आणि निमित्त झालं एका कॉफीच्या यंत्राचं.

आम्ही मूळचे चहावाले. कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, तीही जागरणाच्या रात्री. पण चिरंजीव बंगळुरूला नोकरीला लागले नि तिकडे बाटले. मी निवृत्त झाल्यावर त्यांनी एस्प्रेसो करायचं एक घरगुती यंत्र आमच्या ओट्यावर आणून बसवलं. त्याच्या उजव्या अंगाला एक स्टीलची नळी आहे. ती दुधात बुडवून वरची चावी फिरवली, की वाफ सुटते आणि दूध फसफसून येतं. हिनं पहिल्याच दिवशी त्या नळीचं नाव 'सोंड' ठेवलं.

नाव अगदी चपखल. १९९५ च्या सप्टेंबरात गणपती दूध पितो म्हणून आपण सगळे वाट्या-चमचे घेऊन देवळापुढं रांगेत उभे होतो. शास्त्रज्ञांनी त्याचं कारण पृष्ठताण म्हणून सांगितलं. आमची सोंड मात्र खरोखरच दूध पिते. वाफ बंद केली, की नळीत उरलेली वाफ निवून तिचं पाणी होतं, आत पोकळी पडते आणि दूध वर ओढलं जातं. म्हणून काम झालं की सोंड बाहेर काढायची, क्षणभर वाफ सोडायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. हे सोपस्कार मी मनोभावे करत असे.

तरीही सोंडेला सर्दी झाली. चावी बंद, तरी टोकाशी टप, टप, टप. वापरानंतर दोन-चार थेंब पडणारच. पण हे थांबेनात. मी चावी आवळली. थेंब वाढले. आणखी आवळली. हिनं मुकाट्यानं खाली वाटी ठेवली. (पुढं कळलं, की आवळणं हाच गुन्हा होता. आतली दमलेली रबरी कडी मी स्वहस्ते आणखी चपटी करत होतो.) तिसऱ्या दिवशी एक कढत थेंब हिच्या मनगटावर पडला आणि टरारून फोड आला. आता प्रश्न थेंबांचा नव्हता, गृहशांतीचा होता.

कंपनीकडून एक तरुण आला. मोठा गोड मुलगा.

"वायसर गेलाय," मी म्हणालो.

"यात वायसर नसतो सर."

"मग काय असतं?"

"स्टीम असेंब्ली."

"आणि त्या असेंब्लीत?"

"ती उघडत नाही सर."

असेंब्लीचे ४,८०० रुपये, यायला तीन आठवडे, मजुरी निराळी. माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. 'सर'वरून तो 'काका'वर आला आणि घरच्या माणसासारखा आवाज खाली आणून म्हणाला, "काका, खरं सांगू? नवीनच घ्या ना!"

आता माझा मुद्दा ऐका. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या पिशवीत कडी दिलेलीच नव्हती, तो देणार कुठून? माझं भांडण आहे ते दहा रुपयांची वस्तू पाच हजारांच्या पेटीत कोंडून 'उघडत नाही' म्हणणाऱ्यांशी. ते लगेच सांगतात, "वाफेचं काम आहे, भाजेल, जबाबदारी कुणाची?" फोड हिच्या मनगटावर आलेला असताना हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण मग कुकरचं काय? दर चौरस इंचाला पंधरा पौंडांच्या आसपास दाब आणि १२० अंशांच्या घरातली वाफ घेऊन तो रोज सकाळी आपल्या ओट्यावर शिट्ट्या मारतो. त्याची रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कुठल्याही भांड्यांच्या दुकानात सुटे मिळतात. व्हॉल्व्ह बसवायला एखादी दुकानात जाईल. पण रिंग बदलायला घरोघरच्या बायकांनी कधी इंजिनिअर बोलावलेला ऐकला आहे? ज्या हाताला कुकरची रिंग कळते, त्याला सोंडेची कळणार नाही, हे ठरवलं कुणी?

आमचे वडील कचेरीत कारकून. पण त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात स्टोव्हच्या पिना, नळाचे वायसर आणि पंपाची चामड्याची चकती. स्टोव्हला हवा धरेना झाली, की ते ती चकती खोबरेल तेलात भिजत घालत आणि संध्याकाळी स्टोव्ह पुन्हा भरभरू लागे. ते मेकॅनिक नव्हते. घरात आणलेली वस्तू आतून कशी आहे हे ठाऊक असणं, याला ते संसार म्हणत.

तो डबा मी माळ्यावरून काढला. यंत्राची वायर प्लगमधून काढून रात्रभर निवू दिलं, चावी उघडून उरलासुरला दाब सोडला आणि सकाळी वरचं झाकण काढलं. पान्यानं दोन आटे फिरवताच 'न उघडणारी' असेंब्ली बिनतक्रार उघडली. आत एक काळी कडी, वाळक्या करवंदासारखी झालेली. बसायच्या जागेवर आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार. ती जागा लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं साफ केली आणि कडी कागदात बांधून बोहरी आळी गाठली. दुकानदारानं ती चिमटीत धरली आणि विचारलं, "वाफेला आहे? मग साधं रबर नको, कडक होतं. ईपीडीएम न्या." दहा रुपये. मी चार घेतल्या; श्रीमंती दाखवायची संधी वारंवार येत नाही.

ही कडी म्हणजे क्षुल्लक चीज नव्हे. तिचं अमेरिकन पेटंट मूळच्या डेन्मार्कच्या नील्स ख्रिस्तेन्सन यांना १९३९ साली मिळालं. २८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' यान कोसळून सात माणसं गेली, ती थंडीनं ताठरलेल्या अशाच एका कडीपायी. फाइनमन यांनी तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून चौकशी समितीला ते दाखवून दिलं. कडी काय करू शकते, हे कंपन्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? ती विकण्यात फायदा नाही, एवढंच.

जगाला हे उशिरा का होईना, उमगू लागलं आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, संकेतस्थळही काढलं. युरोपीय संघानं २०२४ साली कायदाच केला : धुण्याचं यंत्र, फ्रीज, मोबाइल अशा ठरावीक वस्तू दुरुस्त करून देणं उत्पादकाला बंधनकारक. कॉफीचं यंत्र त्या यादीत नाही. म्हणजे सोंडेची लढाई आपल्यालाच लढायची आहे! मागणी साधी आहे. कडी सुटी विका आणि यंत्र कसं उघडतं त्याचा एक कागद सोबत द्या. तडकलेली टाकी, जळकी वायर हे आम्ही मुकाट्यानं तुमच्याकडे आणू.

सोंड आता कोरडी ठणठणीत आहे. उरलेल्या तीन कड्या वडिलांच्या डब्यात, स्टोव्हच्या पिनांशेजारी. हिच्या मनगटावरचा डागही फिका पडत चालला आहे.

विजयाच्या त्या धुंदीत परवा गुडघा दाखवायला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढं धरला, 'काका'वर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? नवीनच बसवून घ्या ना!"

मी एवढंच विचारलं, "डॉक्टर, नुसता वायसर नाही का मिळत?"