दहा वावरं पुरतात, पण कोणती?

महसूल मंडळात हजारो खातेदार, आणि कापसाचं उत्पन्न ठरवायचं दहा वावरांवरून? अमळनेर असो की शिंदखेडा, पीकविम्याचा विषय निघाला की हा सवाल येतोच. त्यामागचा संताप रास्त आहे. रोख मात्र चुकतो. पंतप्रधान पीकविमा योजनेत महसूल मंडळामागे किमान दहा पीक कापणी प्रयोग सांगितले आहेत, आणि अन्याय त्या दहाच्या आकड्यात नाही.

नमुन्याची अचूकता मंडळात शेतकरी किती, यावर फारशी अवलंबून नसते. वावरावावरांत फरक किती आणि नमुने किती, यावर ती ठरते. दहा वावरं खरोखर यदृच्छ निवडली, तर सरासरीतली संभाव्य चूक एकेका वावरातल्या चढउताराच्या साधारण एक-तृतीयांश राहते. चाळीस घेतली तर ती निम्मी होईल. पण निवडच एका बाजूला झुकलेली असेल, तर शंभर वावरंही तीच चूक करतील, वर आकडा मोठा म्हणून लोक तिच्यावर जास्त विश्वास ठेवतील.

कापणी प्रयोगांची ही पद्धत कुणी कचेरीत बसून सुचवलेली नाही. 1940 च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी ती शेतात उतरून घडवली. यदृच्छ संख्येने गट नंबर काढायचा, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून यदृच्छ पावलं मोजायची, पाऊल पडेल तिथे खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि त्या तुकड्यातलं पीक तोलायचं. तिथे बोंडं भरघोस असोत की झाडं वाळलेली, जागा बदलायची नाही. सुखात्म्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: तुकडा फार लहान घेतला की कडेची झाडं आत मोजली जातात आणि उत्पन्न फुगतं. विम्यात फुगलेलं उत्पन्न म्हणजे बुडालेली भरपाई. सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पादन काढतात; प्रयोगाचा आकडा त्याच्या वर गेला की अख्ख्या मंडळाला काहीच नाही.

म्हणून लढायचं ते निवडीसाठी. यादीतलं वावर आडरानात आहे म्हणून डांबरी रस्त्याकाठचं घेतलं, की नमुना मोडला. कापसाच्या वेचण्या तीन-चार होतात. पहिल्या दोन वजनावर घेऊन शेवटची अंदाजाने मांडली, तरी मोडला. शिवाय खानदेशात ठिबकवर मे महिन्यात लावलेला बागायती कापूस आणि पावसावरचा कोरडवाहू कापूस एकाच शिवारात बांधाला बांध लागून असतात. दोघांची मिळून एक सरासरी काढली, तर विहीरवाल्याचं पीक कोरडवाहू शेतकऱ्याचं नुकसान झाकून टाकतं. दोन्ही गट वेगळे करा, पेऱ्याच्या प्रमाणात प्रयोग वाटा. तेवढ्याच खर्चात आकडा खरा होईल.

केळीची गत याहून वाईट. रावेर-यावलमध्ये भरपाई हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. थंडीच्या भरपाईसाठी 8 अंश किंवा त्याखालचं तापमान सलग तीन दिवस हवं, आणि ते मोजायला साधारणपणे मंडळात एकच केंद्र. थंड हवा नदीकाठच्या सखल शेतांत साचते. केंद्र उंचावर असेल तर त्याला या थंडीचा पत्ताही लागत नाही. इथे मात्र संख्येची तक्रार शंभर टक्के खरी आहे. एका ठिकाणच्या नोंदीवरून मंडळातले चढउतार कळायची सोयच नाही.

कापसासारख्या पिकांची भरपाई मात्र 2025 च्या खरिपापासून राज्यात बरीचशी कापणी प्रयोगांवर आली आहे. तेव्हा ग्रामसभेने मागायचं ते हे: निवडलेले गट नंबर, बदललेले गट नंबर, बदलाचं कारण आणि प्रत्येक वेचणीचं वजन, चारही गोष्टी ग्रामपंचायतीच्या फलकावर.