बेकन : कसे शिजवावे यापेक्षा किती खावे?

पूर्वी बेकन म्हणजे साहेबाच्या न्याहारीचा पदार्थ. मुंबई-गोव्यातील मोठी हॉटेले किंवा कोल्ड स्टोरेजची दुकाने सोडली तर ते कुठे दिसत नसे. आता जिल्ह्याच्या ठिकाणीही दुकानांच्या फ्रीजरमध्ये त्याची पाकिटे असतात. पुण्या-बंगलोरला नोकरी करणारी मुले सुट्टीत घरी आली की न्याहारीला अंडी-बेकन होते आणि घरातील रक्तदाबाचे रुग्णही हौसेने खातात. मग दवाखान्यात प्रश्न येतो, 'डॉक्टर, तेल न घालता केले तर चालेल ना?' माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे.

बेकन म्हणजे डुकराचे, बहुधा पोटाकडचे, चरबीदार मांस. ते मीठ आणि नायट्राइट लावून मुरवतात आणि बहुतेक वेळा धुरी देतात. नायट्राइटमुळे मांसाचा गुलाबी रंग टिकतो आणि बोट्युलिझमसारखी भयंकर विषबाधा करणाऱ्या जंतूंना आळा बसतो. म्हणजे ते उगीच घातलेले नसते. पण तवा फार तापला की नायट्राइट आणि मांसातील प्रथिनांचे घटक यांच्यापासून नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. म्हणून शिजवण्याच्या पद्धतीला महत्त्व आहेच.

घरी करायचे तर पट्ट्या थंड तव्यावर ठेवाव्यात आणि मग मंद आच लावावी. चरबी हळूहळू सुटते. वेगळे तेल लागत नाही. दुसरी रीत म्हणजे पट्ट्या गार पाण्यात घालून एक उकळी आणावी, पाणी ओतून द्यावे आणि नंतर त्या परताव्यात. यात थोडे मीठ निघून जाते. ओव्हन असल्यास जाळीवर ठेवून भाजावे, म्हणजे सुटलेली चरबी खाली गळते. मायक्रोवेव्हमध्ये कागदी रुमालात ठेवून केल्यास नायट्रोसामाइन कमी तयार होतात, असे आढळले आहे. पद्धत कोणतीही असो, मांस आतपर्यंत शिजले पाहिजे, पण काळे होता कामा नये. करपलेला भाग फेकून द्यावा. तव्यात उरलेली चरबी दुसऱ्या दिवशीच्या अंड्यांसाठी जपून ठेवू नये. नायट्रोसामाइनचा बराच अंश तिच्यातच उतरतो.

आता मुख्य मुद्दा. यातील कोणत्याही रीतीने बेकन 'पथ्याचे' होत नाही. चरबी थोडी कमी होईल, पण मुरलेले मीठ आणि नायट्राइट बहुतांशी आतच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली बेकन, सॉसेज, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस माणसाला कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. रोज ५० ग्रॅम, म्हणजे साधारण चार-पाच पातळ पट्ट्या खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरांतील अठरा जणांना कर्करोग होतो असा नव्हे; मूळचा धोका जेवढा असेल त्यात तेवढी भर पडते. तंबाखूही याच गटात आहे, पण म्हणून दोन्हींचा धोका सारखा नाही. दोन्हींबाबतचा पुरावा पक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मिठाचे म्हणाल तर दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, ही प्रौढ माणसाची मर्यादा आहे. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. पापड-लोणचे सोडलेल्या माणसाने बेकन खाल्ले तर त्या पथ्याला काय अर्थ उरला?

आणखी एक शंका नेहमी विचारली जाते. 'डुकराचे मांस खाल्ले की मेंदूत किडे होतात का?' अर्धवट शिजलेल्या मांसातून आतड्यात पट्टकृमी होऊ शकतो. पण मेंदूतील गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्याने. ती माणसाच्या विष्ठेतून अस्वच्छ हात, पाणी आणि न धुतलेल्या भाज्यांवाटे येतात. त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. मांस पूर्ण शिजवणे आणि हात स्वच्छ धुणे, दोन्ही हवे.

मग बेकन खाऊच नये का? कोणी काय खावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण आपल्या कोकणात खारा बांगडा भाजला तर त्याचा एखादा तुकडा पेजेबरोबर तोंडी लावतात. गोव्याकडे थोडे चोरिस भरपूर कांदा-बटाट्यात घालून घरभर पुरवतात. खारवलेल्या पदार्थाचा मान तोंडी लावण्यापुरताच, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. बेकनलाही तोच नियम लावावा. दोन पट्ट्या बारीक चिरून फरसबीच्या किंवा कोबीच्या भाजीत टाकल्या, वरून मीठ घातले नाही, तर चार माणसांना चव मिळते. तेही महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र ते टाळलेलेच बरे.

शेवटी एक विनंती. मांसाहाराविषयी विचारले की पुष्कळ रुग्ण 'मासे, क्वचित कोंबडी' एवढेच सांगतात. पोर्कचे नाव घ्यायला संकोचतात. डॉक्टरला तुमची जात किंवा धर्म तपासायचा नसतो, रक्तदाब तपासायचा असतो. गोळ्या चालू असूनही तो का उतरत नाही, याचे उत्तर कधी कधी न्याहारीच्या ताटलीत असते. ती ताटली डॉक्टरपासून लपवू नका.