विषयनिवडीचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की सदाशिव पेठेतील अनेक घरांत आनंद एक दिवस टिकतो आणि दुसऱ्या दिवशी वाद सुरू होतो. मुलीला इतिहास किंवा भाषा शिकावयाची असते. आईवडिलांना विज्ञानशाखा हवी असते. हा दोन पिढ्यांचा स्वभावभेद आहे असे म्हणून विषय सोडून देण्याची रीत आहे. परंतु या भांडणाचे मूळ स्वभावात नाही, हिशेबात आहे. आणि तो हिशेब समाजरचनेने घरावर लादलेला आहे.

महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ साली आणि पहिली बारावीची परीक्षा १९७७ साली झाली. या रचनेत शाखेचा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी करावा लागतो. विज्ञान घेऊन बारावी झालेल्याला पुढे कला किंवा वाणिज्य शाखेत जाता येते. कलाशाखेतून बारावी झालेल्याला वैद्यकाचे दार थेट उघडत नाही. तेव्हा पालक विज्ञानाचा आग्रह धरतात तो अडाणीपणाने नव्हे. नोकरीची शाश्वती नसलेल्या काळात ते विम्याचा हप्ता भरत असतात. मात्र हा हप्ता मुलाच्या उमेदीच्या दोन वर्षांतून वळता होतो, याचा विचार होत नाही.

त्यात पैशाचे ओझे वाढत गेले आहे. १९८३ साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. जागा वाढल्या, पण शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीतून घराच्या खांद्यावर आला. पुढे प्रवेशपरीक्षांबरोबर शिकवणी वर्गांचा व्यापार फोफावला. सोळा वर्षांखालील मुलांना वर्गांत घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारला जानेवारी २०२४ मध्ये काढावी लागली, यातच सारे आले. कर्ज काढून शुल्क भरले की विषय हा विषय राहत नाही, गुंतवणूक होते. आणि गुंतवणूकदाराला मुलाचे ‘नको’ ऐकू येत नाही.

गोपाळ गणेश आगरकर याच शहरात शिकले आणि १८८० साली एम.ए. झाले. मोठ्या पगाराची आशा धरू नये, पोटापुरते मिळवून आपण लोकहितासाठी झटणार, असे त्यांनी विद्यार्थिदशेतच आईला पत्राने कळविले होते. त्या पत्रातील त्यागाची महती नेहमी सांगितली जाते. त्यातील व्यवहार ध्यानात घेतला जात नाही. त्यांनी आपला निर्णय लपविला नाही आणि त्याची किंमत आईला आधीच सांगितली.

आजच्या घरांनी नेमके हेच करावे. विषयांची चर्चा निकालाच्या आठवड्यात नव्हे, दहावीच्या दिवाळीतच व्हावी. घरात पैसा किती, कर्ज किती, हे मुलांपुढे स्वच्छ मांडावे. खर्चाची मर्यादा पालकांनी ठरवावी आणि त्या मर्यादेत विषय मुलाने निवडावा. निवड चुकली तर एक वर्ष गेले तरी चालेल, हे आधीच सांगून ठेवावे. बोलणे तुटले, तर दोघांचाही विश्वास असलेल्या शिक्षकाला मध्ये घ्यावे. वस्तीवस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनाही हे काम करता येईल. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही, दोन्ही बाजू ऐकण्याची तयारी हवी.

पण घराने सारे सोसावे आणि शासनाने नामानिराळे राहावे, हे चालणार नाही. २०१६ साली दहावीच्या मुलांसाठी राज्यात कलचाचणी सुरू झाली. परंतु अहवालाचा कागद हाती देणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. प्रत्येक माध्यमिक शाळेत विनामूल्य समुपदेशक हवा. शाखांमधील भिंती काढण्याचे वचन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दिले आहे; ते पाळायचे, तर कलाशाखेतून बारावी झालेल्याला राहिलेले विज्ञानविषय पुढे अल्प खर्चात पुरे करण्याची सोय सरकारी महाविद्यालयांत झाली पाहिजे. परतीची वाट उघडी असेल, तर विम्याचा हप्ता भरण्याची गरज उरणार नाही आणि घरातील निम्मे भांडण आपोआप मिटेल. शिक्षणाच्या प्रश्नावर आंदोलन करताना शुल्काबरोबर ही मागणीही लावून धरली पाहिजे.