माशीने पकडलेला मासा



आमच्या वर्गात शनिवारचा शेवटचा तास कुठल्याच विषयाचा नसतो. त्या तासाला बाईंना काहीही विचारायचं, आणि बाईंना येत नसेल तर बाईंनी सरळ 'नाही येत' म्हणायचं, असा आमचा करार आहे. हा करार मला फार महागात पडतो! दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच शनिवारी एकानं विचारलं, "बाई, टीव्हीवर एक माणूस नदीत उभा राहून पाण्याला चाबकानं मारत होता. कशासाठी?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण त्या पठ्ठ्यानं बाकाशेजारी उभं राहून हात मागे नेला, क्षणभर थांबला आणि मग झपकन पुढे आणला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तो माणूस मासे पकडत होता. आणि तेही गांडुळानं नाही, कणकेच्या गोळीनं नाही, तर चक्क माशीनं. तीसुद्धा खोट्या माशीनं!

"खोट्या माशीला खरा मासा?" मागच्या बाकावरून आवाज आला. हा गडी सुट्टीत आजोबांबरोबर गळ टाकायला जातो, त्यामुळे या विषयातला आमचा तज्ज्ञ. "बाई, मासा काय वेडा असतो?"

आता तुम्हीच सांगा, असतो का?

गळ टाकताना तुम्ही कुणाला तरी पाहिलं असेलच. कोकणातल्या मुलांनी तर स्वतः 'गरी' टाकलेली असेल. दोरीच्या टोकाला आकडा, आकड्याला गांडूळ आणि थोडं वर शिशाचा तुकडा. आपण फेकतो ते खरं म्हणजे शिसं. दोरी बिचारी त्याच्यामागून जाते. पण खोट्या माशीचं वजन ते किती? पिसाचे चार तंतू, वीतभर दोरा आणि एक बारीकसा आकडा. एखादं पीस हातात घ्या आणि जोरात फेकून बघा. पायाशीच पडेल.

म्हणून इथे उलटा कारभार असतो. दोरीच जाड आणि जड असते, आणि माशी तिच्यामागून जाते. काठी लवचीक असते. दोरी मागे फेकली की ती हवेत लांब उलगडते. ती पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं. घाई केली की सगळा गुंता! मग काठी पुढे आणायची. वाकलेली काठी सरळ होताना दोरीला पुढे ढकलते. दोरीच्या टोकाला केसासारखा बारीक पारदर्शक धागा असतो, तो माशाला दिसत नाही. त्या धाग्याला बांधलेली माशी पाण्यावर अलगद उतरते, जणू आत्ताच उडत येऊन बसली. त्या मुलाला दिसला तो चाबूक हा असा.

ही युक्ती काही आजकालची नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. तिथल्या एका नदीतले मासे पाण्यावर बसणारी एक विशिष्ट माशी खात. पण ती खरी माशी आमिष म्हणून लावता येईना, कारण माणसाचा हात लागला की तिचा रंग उतरायचा, पंख मलूल व्हायचे. मग त्या लोकांनी आकड्याभोवती लाल लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं तिला बांधली. मासे फसले!

हे सांगितल्यावर वर्ग ऐकतोय होय? सोमवारी एकीनं घरच्या कोंबड्याची पिसं आणली, दुसरीनं आईच्या शिलाईच्या डब्यातला लाल दोरा. आकडा मात्र मी वापरू दिला नाही. तुटक्या काडेपेटीच्या काडीवरच आम्ही पिसं बांधली आणि शाळेमागच्या ओढ्यावर गेलो. पावसाळा संपून पाणी निवळलं होतं. माशी धारेत सोडली. काही नाही. पुन्हा सोडली. काही नाही. आमचा तज्ज्ञ हळूच माझ्याकडे बघून हसला. मला जरा रागच आला. मग एकीनं धाग्याला दोरीचा बारीक तुकडा बांधून माशी झुडपाच्या सावलीत, धार जिथे मंद होते तिथे नेली. आणि खालून एक बोटभर मासा सपकन वर आला! त्यानं माशी तोंडात घेतली आणि लगेच थुंकून टाकली. दुसरा आला, त्यानं नुसती जवळून पाहिली आणि निघून गेला. लाल दोऱ्याची माशी आमच्या ओढ्यात कुणी पाहिलीच नव्हती ना!

तर, मासा वेडा नसतो. या खेळातलं सगळं अवघड तिथेच आहे. त्या ओढ्यात, त्या महिन्यात, त्या वेळेला कोणती माशी उडते आहे, तशीच हुबेहूब बांधावी लागते. म्हणून चांगला मासेमार आधी काठी उघडत नाही, तो पाण्यातला दगड उलटतो.

आम्हीही उलटला. दगडाच्या खालच्या बाजूला चपटे, तीन शेपट्यांचे इवलेसे किडे पळापळ करत होते. ती मेफ्लाय नावाच्या माशीची पिल्लं. ही पिल्लं महिनोन् महिने, काही जातींत वर्षभरही पाण्याखाली राहतात. त्यांना पोटाच्या बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. मग एके दिवशी ती पृष्ठभागावर येतात, कात टाकतात आणि पंख उभे धरून उडून जातात. आता खरी गंमत ऐका. उडणाऱ्या मेफ्लायला खाण्याजोगं तोंडच नसतं! जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत मरून जायचं. मुलं जरा गप्प झाली. एकीनं विचारलं, "मग तिला भूक नाही लागत?" मी करार पाळला. नाही येत, म्हटलं.

शेजारच्याच दगडावर वाळूच्या कणांची एक नळी चिकटलेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. आतून डोकं बाहेर आलं! कॅडिस नावाच्या माशीची अळी रेशमासारख्या धाग्यानं वाळू चिकटवून असं घर बांधते. सुतार, गवंडी आणि विणकर, सगळं एकटीच.

समुद्रकाठीही हा खेळ खेळतात. तिथे मात्र आकड्यावर माशी नसते. पिसं आणि केस बांधून लहान मासळी नाहीतर कोळंबी करतात. अंदमानात मोठमोठे मासे असे पकडतात. पण या खेळाचा खरा राजा म्हणजे डोंगरातल्या थंड ओढ्यातला ट्राउट. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागलं की हा बेचैन होतो. धारेकडे तोंड करून उभा राहतो, कारण खाऊ वरून वाहत येतो. म्हणून मासेमार खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून येतो.

हा ट्राउट आज काश्मीरच्या ओढ्यांत आहे, हिमाचलात आहे, दक्षिणेत निलगिरीतही आहे. पण तो मूळचा तिथला नाही. काश्मीरमधला तपकिरी ट्राउट युरोपातला. इंग्रज साहेबांना सुट्टीत आपल्या गावाकडचा खेळ खेळायचा होता. मग त्यांनी काय करावं? माशाची अंडीच बोटीनं मागवली! थंडीत ट्राउटची अंडी फार सावकाश वाढतात, त्यामुळे गारव्यात ठेवून ती हजारो मैल नेता येतात. 1899 साली आलेली पहिली अंडी वाया गेली. 1900 साली पुन्हा आली, ती जगली. श्रीनगरजवळ हारवन इथे त्यांच्यासाठी हौद बांधले गेले.

मी हे मोठ्या कौतुकानं सांगत होते. तेवढ्यात आमचा तज्ज्ञ म्हणाला, "बाई, माशी त्याच ओढ्यातली लागते, मग मासा कुठलाही चालतो का?"

शाबास! मला हे सुचलं नव्हतं.

चालतो असं नाही. ट्राउट नेला त्या अनेक ठिकाणी मूळच्या लहान माशांना त्यानं खाल्लं, नाहीतर त्यांची जागा घेतली. न्यूझीलंडमध्ये याची पुष्कळ उदाहरणं आहेत. आणि अशी एक गोष्ट आपल्या घराजवळूनही सुरू होते.

आपल्या नद्यांत निळसर परांचा महाशीर असतो. कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन लिहिलं. महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. पण इतर ठिकाणी हे मासे घटत चालले. म्हणून लोणावळ्याला वळवण इथे टाटांच्या वीज कंपनीनं 1970 च्या सुमारास त्यांची पिल्लं वाढवायला सुरुवात केली. लाखो पिल्लं वाढली. काम चांगलंच होतं. त्यातली काही कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली.

पण कावेरीत आधीच एक महाशीर होता. पाठीवर उंचवटा, पर नारिंगी आणि आकार विचारू नका. 1946 साली तिथल्या कबिनी नदीत गळाला लागलेला मासा 120 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 54 किलोंचा होता. चौथीतली दोन मुलं एका पारड्यात! हा मासा फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही.

कावेरीकाठच्या एका शिबिरात हौशी मासेमार यायचे. नाचणीच्या गोळ्यावर मासा पकडायचा, वजन वहीत लिहायचं आणि मासा परत सोडायचा. ("सोडायचाच होता तर पकडला कशाला?" एकीनं विचारलं. मला तिचं म्हणणं पटतं. आकड्यानं माशाला त्रास होतोच.) पण त्या वह्या कामी आल्या. 1998 ते 2012 पर्यंतच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या आणि 2015 साली निष्कर्ष छापला. नदीत महाशीर वाढले होते, पण ते निळ्या परांचे. नारिंगी परांचे दरवर्षी कमी होत गेले. आणि जे मिळत, ते मोठेच मिळत. पिल्लं दिसेनाशी झाली होती. एखाद्या गावात नुसते आजी-आजोबा उरावेत, शाळेचा पट रिकामा व्हावा, तसं. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी ही कारणं आहेतच. पण बाहेरून आलेला भाऊबंद हेही मोठं कारण असावं असं अभ्यासकांना वाटतं. 2018 साली या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी त्याचं नाव अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेलं.

आम्ही उलटलेले दगड होते तसे पुन्हा ठेवले. परत येताना तज्ज्ञ माझ्याशेजारी चालत होता. "बाई, आपल्या माशीला थुंकला तो मासा कोणता?"

नाही येत, म्हटलं. त्याच्या आजोबांना येत होतं. त्यांनी एका दमात सात नावं सांगितली आणि त्यांतले तीन मासे आता दिसत नाहीत हेही सांगितलं. ती सात नावं आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावली आहेत.

तुमच्या ओढ्याच्या माशांची नावं घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. मोठं कुणी बरोबर असेल तरच पाण्यात उतरा, दगडाखाली कोण राहतं ते बघा आणि मला पत्रानं कळवा. चित्र काढलंत तर उत्तमच!

तुमच्या,
बाई