काकू, ओटीपी सांगा!

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पार्सल घेऊन येणारा पोरगा तीन मजले चढण्याआधी खालूनच हाक मारतो, 'काकू, ओटीपी सांगा!' काकू गॅलरीत येतात, चष्मा सापडत नाही म्हणून मोबाइल हातभर लांब धरतात आणि कठड्यावरून ओरडतात, 'सत्तेचाळीस बारा!' मग दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडतात. इस्त्रीवाला, वॉचमन, समोरच्या गॅलरीतले आजोबा, सगळ्यांना आकडा कळतो. कुणाचं काही बिघडत नाही, कारण तो आकडा पार्सलचा असतो.

बँकेचा आकडाही त्याच नावाने, त्याच मोबाइलवर, तसल्याच मेसेजातून येतो. घोळ इथे आहे.

रिक्षा बोलावली की बसताना आकडा, गॅसचा सिलिंडर आला की आकडा, मोठ्या सोसायटीत पाहुणा म्हणून गेलात की फाटकावर आकडा. दिवसातून चार वेळा परक्या माणसाला ओटीपी खणखणीत आवाजात सांगायचा आणि पाचव्या वेळी मात्र जिभेला लगाम घालायचा, अशी ही शिकवण आहे. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' असं बँका वर्षानुवर्षं घोकून घेतात. पण घोकलेलं हरतं आणि रोज केलेलं जिंकतं, हे पाढे पाठ करणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला सांगायला नको.

खरं तर कार्डाच्या बाबतीत आपल्याकडे बरंच चांगलं काम झालेलं आहे. रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन खरेदीला दुसरं कुलूप लावलं. नुसता कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे पुरेनासे झाले. पुढे 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराने गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवून ठेवणंच बंद झालं. आता त्याच्याकडे राहतो तो कार्ड नंबराच्या जागी वापरायचा टोकन आणि ओळख पटण्यापुरते शेवटचे चार आकडे. एका दुकानासाठी बनलेला टोकन दुसऱ्या दुकानात कवडीमोल. यासाठीची मुदत दुकानदारांनी रडतखडत तीनदा पुढे ढकलून घेतली होती, तरी अखेर ते झालं. परदेशी दुकानांत अजून कित्येकदा ओटीपीवाचून पैसे जातात, ही फट मोठी आहे. पण देशातल्या देशात चोराची पंचाईत झाली आहे. त्यामुळे तो फोडाफोडीच्या भानगडीत पडत नाही, सरळ फोन करून मागतो.

मागायला सबब लागते आणि ती आपणच रद्दीत टाकतो. परवा जिन्याखाली पडलेला एक खोका मी उचलून पाहिला. वर चिकटवलेल्या कागदावर नाव, फ्लॅटचा नंबर, 'दत्ताच्या देवळामागे', मोबाइल नंबर, मागवलेली वस्तू आणि तिची किंमत. मिक्सर होता, 3,249 रुपयांचा. आता कुणी फोन करून म्हणालं, 'काकू, तुमच्या मिक्सरचे पैसे चुकून दोनदा कापले गेलेत, परत पाठवतो, एक आकडा येईल तेवढा सांगा', तर काकूंनी संशय घ्यायचा कसा? फोनवरच्या माणसाला मिक्सर ठाऊक आहे, किंमत ठाऊक आहे, देऊळसुद्धा ठाऊक आहे. कार्ड नंबराला आपण चिलखत चढवलं आणि बाकीचा माणूस पुठ्ठ्यावर छापून भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला.

आता यातली खरी टोचणारी गोष्ट. ग्राहकाच्या नुकसानीची जबाबदारी कुणाची, हे रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ठरवून दिलं. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला झळ नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडेच कुठेतरी माहिती फुटली, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही त्याला तोशीस नाही. मांडणी न्याय्य आहे. पण गुप्त तपशील ग्राहकाने स्वतःहून सांगितला असेल तर तो त्याचा हलगर्जीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याच्या माथी. म्हणजे ओटीपी सांगायची सवय लावणार बाजार आणि त्या सवयीचं बिल भरणार काकू. मला हे पटत नाही.

बरं, तो बँकेचा मेसेज तरी वाचून पाहावा. आमच्या काकूंना आलेला इंग्रजीत होता. सुरुवातीलाच आकडा, मग दुकानाचं अर्धवट छाटलेलं नाव, मग रक्कम आणि अगदी शेपटाला 'सांगू नका'. काकूंची नजर आकड्यावर पडते आणि तिथेच थांबते. हाच मेसेज 'तुमच्या खात्यातून 18,499 रुपये जात आहेत' असा मराठीत सुरू झाला आणि आकडा शेवटी आला, तर फोनवरचा गोडबोल्या अर्ध्यात उघडा पडेल. बँकेच्या कर्जाच्या जाहिराती मात्र शुद्ध मराठीत येतात, दिवाळीच्या शुभेच्छांसकट.

दुसरं, पार्सलच्या आकड्याला ओटीपी म्हणणं बंद करावं. पोचकोड म्हणा, पार्सल नंबर म्हणा, काहीही म्हणा, पण वेगळं म्हणा. एकाच नावाची दोन माणसं एका घरात असली तर आपण एकाला थोरला म्हणतो. आणि पत्त्याच्या कागदावर मोबाइल नंबर उघडा छापायचं काय कारण? फोन करणाऱ्या पोराला खरा नंबर न दाखवता फोन जोडून देण्याची सोय काही कंपन्या आजही वापरतात. बाकीच्यांना ती परवडत नाही, असं मी मानत नाही.

तोवर आपल्या हातातलं थोडं आहे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची ऑनलाइन आणि परदेशी खरेदी बंद-चालू करायची बटणं असतात. ती देणं बँकांना 2020 पासून बंधनकारक आहे. परदेशीचं बटण बंदच ठेवावं, ऑनलाइनची मर्यादा हजारांत आणावी. पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 आणि बँक, मग नातेवाइकांना सांगत बसणं. नात्यातल्या शहाण्यांची मतं ऐकण्यात पहिला तास वाया जातो, आणि पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवायचे तर तोच मोलाचा असतो. आणि खोका रद्दीत टाकण्याआधी एक करावं. त्याच्यावरचे कागद पुष्कळदा उष्णतेने काळे पडणारे असतात. वर फडकं टाकून इस्त्री टेकवली की नाव-नंबर काळ्याठिक्कर पट्ट्यात गडप होतो. आमच्या इस्त्रीवाल्याला हा प्रयोग इतका आवडला, की तो आता कुणाचाही खोका मागून घेतो.

काकूंनाही हे सगळं समजावून झालं आहे. काल सकाळी पोरगा खाली आला, तशा त्या गॅलरीतून म्हणाल्या, 'कुठला ओटीपी रे? पार्सलचा की बँकेचा?'

'मला काय माहीत काकू,' तो वर बघत म्हणाला, 'जो आलाय तो सांगा ना. अजून चाळीस घरं करायचीत.'