सावकाशीचा रियाज

नातीला पेटी शिकवितांना आमच्या हातून एक चूक घडली. ती वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. गणेशोत्सवांत तिनें शुद्ध स्वरांची एक लांब तान वाजवावी, या हौसेनें आम्ही तिला रोज "आणखी जलद!" म्हणत होतों. उत्सवाच्या दिवशीं तान गंधारावरून मध्यमाकडे जातांना अडखळली, आणि पोर पेटी मिटून आंत निघून गेली. पुढें पंधरा दिवस तिनें पेटीला हात लावला नाहीं.

शिक्षाग्रंथांत सांगितलें आहे कीं, अभ्यासासाठीं द्रुत, प्रयोगासाठीं मध्यम आणि शिष्याला शिकवितांना विलंबित वृत्ति धरावी. येथें अभ्यास म्हणजे मुखोद्गत पाठाची आवृत्ति. जें अद्याप यावयाचें आहे, त्यापुरता वादक स्वतःचाच शिष्य असतो. त्यास विलंबित लयच योग्य. वर्गांत कित्येक वर्षें हें सांगूनही घरीं आम्ही तें विसरलों.

मग आम्हीं पद्धति बदलली. पांढरी एक हा षड्ज धरला, म्हणजे सा, रे, ग हे स्वर अंगठा, तर्जनी व मधलें बोट यांनीं वाजवून अंगठा बोटांखालून मध्यमावर न्यावा लागतो. अडखळ नेमकी तेथें होती. जलद लयींत ती कानाला कळते, बोटाला कळत नाहीं. म्हणून सबंध तान बाजूस ठेवून 'रे ग म प' एवढाच तुकडा घेतला. मात्रेस एक स्वर. ओळीनें सात वेळां निर्दोष वाजला तरच पुढें. चूक झाली कीं गणती पुन्हां एकापासून. नंतर वैदिक लोक क्रमपाठांत पहिलें पद दुसऱ्याशीं व दुसरें तिसऱ्याशीं जोडतात, तसे तानेचे तुकडे दोन दोन करून सांधले. तें साधल्यावर दुगुन, शेवटीं चौगुन. दुगुनींत बोट चुकलें, तर ठाय लयीस परतावें. त्यांत कमीपणा नाहीं.

थकलेला हात चूकच पाठ करतो, म्हणून वेळीं उठावें हें बरें. वडील मंडळींनींही "आज नवें काय वाजविलेंस?" असें न विचारतां "आज कोणती अडखळ गेली?" असें विचारावें.

परवां तीच तान स्वच्छ ऐकूं आली. आम्ही संवयीनें "आणखी जलद" म्हणणार, तोंच ती म्हणाली, "आजोबा, अजून ठाय लयच बरी." आम्ही गप्प बसलों.