मालक बदलला, घर गेलं
27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली. पहिलं वर्षभर कुणाला कामावरून काढायचं नाही, अशी अट होती. मुंबईत कालिन्याच्या कर्मचारी वसाहतीला मात्र ते संरक्षण नव्हतं. जमीन-इमारती या व्यवहारातून वगळलेल्या, त्यामुळे रहिवाशांना घरं सोडायला सांगण्यात आलं. पहाटेच्या पाळीला विमानतळ गाठणाऱ्या लोडरसाठी ते घर पगाराचाच भाग होतं. सांताक्रूझच्या आसपास दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, तर पगारात उरतं काय? घर ही सेवाशर्त आहे, असं संघटना कोर्टात सांगत राहिल्या. खरं तर विक्रीचे कागद तयार होत असतानाच सरकारने या कुटुंबांच्या निवाऱ्याची तजवीज करायला हवी होती.